नवरा साडी नेसतो, हा आजार आहे का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची बाई माझ्याकडे सल्ल्याला एकटीच आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नवरा अधूनमधून रात्री दार लावून तिची साडी नेसतो, थोडा वेळ बसतो, नीट घडी करून ठेवून देतो. सासूला वाटलं पोराला बाहेरचं लागलं, मग कापसाच्या पैशातले कितीतरी एका बाबाकडे गेले. "मॅडम, हा रोग होय का? गोळ्यायनं बरं होईन का?"

हे मला खूप जण विचारतात म्हणून सरळ सांगते, नुसतं बायकांचे कपडे घालणं हा आजार नाही आणि ते बंद करायची गोळीही नाही. बर्लिनच्या डॉ. मॅग्नस हिर्शफेल्डनी १९१० सालीच यावर पुस्तक लिहिलं आणि असे बरेच पुरुष समलैंगिक नसतात हेही नोंदवलं. तरी पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांच्या यादीत हा विकारच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी, आयसीडी-११, २०२२ पासून लागू झाली, तिच्यातून तो काढलाय. अमेरिकन मानसोपचार डॉक्टरांच्या यादीत, डीएसएम-५ मध्ये, ट्रान्सव्हेस्टिक डिसऑर्डर (दुसऱ्या लिंगाचे कपडे घालण्याशी जोडलेला विकार) अजून आहे, पण तो कधी म्हणायचा, तर त्यातून लैंगिक उत्तेजना किमान ६ महिने येत असेल आणि त्यापायी माणसाला खूप त्रास होत असेल किंवा कामधंदा, संसार बिघडत असेल तरच.

नंतर नवरा आला. "मले बाई नाही व्हायचं, डोकं शांत होते फक्त." हे त्यालाच विचारावं लागतं, कारण कुणाला बरं वाटतं, कुणाला उत्तेजना येते, कुणाला आतून आपण बाईच आहोत असं वाटतं, आणि या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दंडारीत, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यात, पुरुष बाई होऊन नाचतो तेव्हा आपलंच गाव कौतुकानं पाहतं ना, मग घरात एवढा गहजब का?

पण बायकोचं दुखणंही खरं होतं. तिला साडीपेक्षा लपवल्याचा राग जास्त होता, आणि तो मी गिळायला सांगितला नाही. दोघांनी मिळून ठरवलं की तिच्या साड्यांना हात लावायचा नाही, त्यानं स्वतःची घ्यायची, बाबाकडे जाणं बंद. तिला अजून पूर्ण पटलेलं नाही, ती येते, बोलते.

तुमच्या घरी असं असेल आणि त्या माणसाची झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, मरायचं बोलत असेल तर मात्र थांबू नका, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांना दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.