नॉन-कॉम्पिटची नोटीस आलीये? आधी कुठेच सही करू नका

नाशिक-सातपूरच्या दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. जुन्या कंपनीची वकिलाकडून नोटीस, त्यात नॉन-कॉम्पिटची अट म्हणजे नोकरी सुटल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात तशाच कंपनीत काम करायचं नाही, आणि सही घेताना साहेब तोंडी म्हणालेले "फॉर्मॅलिटी असते हो". २०१९ला नाशिकच्याच अंबडमध्ये माझं डिट्टो हेच झालं, मी सेल्सला होते.

मी वकील नाही, पण नवी नोकरी लगेच सोडू नका. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, नोकरी सुटल्यावर त्याच धंद्यात जायचं नाही ही अट त्याने रद्दच ठरते. नोकरी चालू असेपर्यंतचं बंधन मात्र चालतं, १९६७च्या गोलिकरी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय. बॉन्डचे पैसे, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायचे, हा वेगळा विषय, तिथे सूट मिळेलच असं धरू नका.

आता माझी चूक. नोटिशीला घाबरून मी कुणालाही न विचारता सरळ कंपनीत गेले. साहेब गोड बोलले, म्हणाले एक माफीनामा दे, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) आणि राहिलेला इन्सेंटिव्ह लगेच देतो, विषय संपला. शंभराच्या स्टॅम्पवर टाइप तयारच होतं, "कंपनीचा गोपनीय डेटा माझ्याकडे आहे" असं एक वाक्य त्यात होतं आणि मी सही केली. अहो, डेटा कसला, कस्टमरचे नंबर होते मोबाईलमध्ये, सेल्सच्या प्रत्येकाकडे असतात! लेटर आलंच नाही, महिन्याने दुसरी नोटीस आली, सोबत माझाच माफीनामा जोडलेला. म्हणजे नॉन-कॉम्पिट टिकत नव्हतं तर गोपनीयतेचा मुद्दा मीच त्यांच्या हातात दिला, कारण ती अट नोकरी सुटल्यावरही लागू राहू शकते. शेवटी दोन महिन्यांचा पगार आणि इन्सेंटिव्ह सोडून तडजोड केली. पगारासाठी एका सरकारी ऑफिसात तीन हेलपाटे घातले होते, तिथे तिसऱ्यांदा सांगितलं की तुम्ही कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? तीन हाफ-डे गेले माझे, अजून राग येतो.

तोंडी कराराचं म्हणाल तर तोही कायद्याने करारच, पण सिद्ध तुम्हाला करायचा असतो, आणि लेखी कागदाच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं कोर्ट सहसा धरत नाही, म्हणून त्या "फॉर्मॅलिटी"वर विसंबू नका. इन्सेंटिव्हसारखं वेगळं काही कबूल केलं असेल तर त्याचा दावा होऊ शकतो, साधारण तीन वर्षांच्या आत. साहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर तो फोन विकू नका, मी एक्स्चेंजमध्ये दिला आणि सगळं गेलं.

अजून एक, नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, मला हे फार उशिरा कळलं. पुरुषांना सहसा उत्पन्नाची अट असते, विचारून बघा.

नोटिशीत उत्तराला किती दिवस दिलेत ते आज बघा आणि उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या. साहेबांचा फोन आला तर "जे काय ते मेलवर पाठवा" एवढंच सांगा आणि ठेवून द्या.