नव्या गृहप्रकल्पात अपंग आणि ज्येष्ठांसाठी तळमजल्यावरची घरं राखून ठेवली की पुरे होतं का?

नाही होत. मी घरांचे आराखडे काढतो आणि तळमजल्याचा हा तोडगा बहुतेक बैठकांत कोणीतरी सुचवतंच. पण व्हीलचेअरवरची बाई तळमजल्यावर राहिली, तर चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणार कशी? आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाचे गुडघे उतारवयात बोलू लागले, की त्याने घर बदलायचं? वेगळी घरं नकोत. प्रत्येक घर पुढे थोडक्यात बदलता येईल असं बांधा.

आराखडा हातात आला की मी आधी रस्त्यापासून संडासापर्यंतची वाट बोटाने चालून बघतो. मध्ये एक पायरी आली तरी बाकीचं सगळं फुकट. सगळ्यात जास्त घोळ रॅम्पचा. उतार १:१२ हवा, म्हणजे ४५ सेंमी जोत्याला ५.४ मीटर लांबी, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. एवढी जागा शेवटी शोधून सापडत नाही, मग घसरगुंडी बांधली जाते. त्यापेक्षा आवारातली जमीनच हळूहळू चढवत दारापर्यंत आणा. (लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते अशा इमारतींबद्दल न बोललेलंच बरं.)

आत शिरल्यावर दार ९० सेंमी मोकळं मिळायला हवं. ही रुंदी चौकटीची नव्हे, दार उघडल्यावर उरते ती. व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. बाथरूमचं दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं ठेवा, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबऱ्याऐवजी फरशीला जाळीकडे उतार द्या. आधाराच्या दांड्या नंतर लावल्या तरी चालतील, पण कमोडजवळची भिंत आत्ताच भक्कम हवी. पोकळ पार्टिशनवरची दांडी वजन पडताच उखडून हातात येते.

अपंगत्व म्हणजे फक्त व्हीलचेअर नव्हे, हे मात्र नेहमी विसरलं जातं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणून जिन्यात भरपूर उजेड आणि पायऱ्यांच्या कडांना वेगळा रंग हवा. चकचकीत फरशी घसरवते आणि डोळेही दिपवते. ऐकू न येणाऱ्यांसाठी बेलबरोबर दिवा लागावा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना सगळे मजले सारखेच दिसतात, तिथे लिफ्टसमोरच्या भिंतीचा रंग मजल्यागणिक बदलला तरी आपलं घर सापडायला मदत होते.

पैसे कमी पडले तर क्लबहाउस गाळा, दुसरी लिफ्ट गाळू नका. एकच लिफ्ट असली आणि ती दुरुस्तीला गेली, की व्हीलचेअरवरचा माणूस ती सुरू होईपर्यंत घरातच अडकतो.