शेजारच्या फ्री डिशवर सामना दिसतो, आमच्याकडे का नाही?

डीटीएच आणि क्रीडावाहिन्यांबद्दल नागपूर व आसपासच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि आमच्या तांत्रिक सल्लागारांची उत्तरे.

प्रश्न : शेजाऱ्यांकडे डीडी फ्री डिश आहे. भारताचा एकदिवसीय सामना त्यांना डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतो. आमच्या खासगी डीटीएचवरही डीडी स्पोर्ट्स आहे, पण सामन्याच्या वेळी तिथे दुसराच कार्यक्रम चालू असतो. आम्ही दर महिन्याला पैसे भरतो, मग असं का? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुमच्या डब्यात (सेट-टॉप बॉक्समध्ये) दोष नाही आणि पॅकही चुकलेला नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं थेट चित्र प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या कंपनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला द्यावंच लागतं. पण ते प्रसारभारतीने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या डीटीएचवरून, म्हणजे फ्री डिशवरून दाखवायचं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. त्यामुळे केबल आणि खासगी डीटीएचकडे जाणाऱ्या डीडी स्पोर्ट्सवर त्या वेळी दुसरा कार्यक्रम लावला जातो. ग्राहक सेवेला कितीही फोन केले तरी यात फरक पडणार नाही.

उपाय सरळ आहे. गच्चीवर फ्री डिशची दुसरी छत्री लावा. डबा, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि केबल मिळून साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर एकदाच खर्च येतो, महिन्याचं भाडं नाही. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपुरातून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ३५ अंशांवर, म्हणजे होकायंत्रावर १४५ च्या आसपास, आणि क्षितिजापासून ६० अंश उंचीवर येतो. मोबाइलमधलं होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी सळया आणि टाकीच्या स्टँडपासून चार पावलं लांब उभे राहा, नाहीतर काटा भलतीकडेच वळतो. उपग्रह इतका उंच असल्यामुळे समोरची भिंत फारशी आड येत नाही. भिंत छत्रीपेक्षा १० फूट उंच असेल तर सहा फूट अंतर पुरतं. कडुनिंबाची फांदी मात्र आड येते, आणि ती दरवर्षी वाढते.

छत्रीचा चेहरा ६० अंश वर वळलेला दिसला नाही म्हणून घाबरू नका. या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे दिसायला बऱ्याच उभ्या वाटतात. डब्याच्या सिग्नल पानावर 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' असे दोन आकडे येतात. त्यातला क्वालिटीचाच बघायचा. छत्री कशीही वळलेली असली तरी स्ट्रेंग्थ दिसते, कारण एलएनबी चालू असल्याची ती खूण आहे. क्वालिटी सर्वांत वर जाईल तिथे छत्रीचे बोल्ट कसा, मग एलएनबी थोडा थोडा फिरवून ती आणखी वाढते का ते पाहा.

आणि पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने या कायद्यात येतात. आयपीएल आणि प्रो कबड्डी येत नाहीत. तेवढ्यासाठी फ्री डिश घेऊ नका.

प्रश्न : क्रीडावाहिन्यांपैकी दोन दिसतात, तीन दिसत नाहीत. पॅकमध्ये सगळ्या आहेत. मेकॅनिक म्हणतो डबा बदला. — हिंगणा रोड

उत्तर : डबा बदलण्याआधी पडद्यावर काय लिहून येतं ते नीट वाचा. 'सबस्क्राइब करा' अशा अर्थाचा संदेश असेल तर भानगड खात्याची आहे. त्या वाहिनीवर डबा चालू ठेवून ग्राहक सेवेकडून रिफ्रेश मारून घ्या. परवानगीचा संकेत उपग्रहावरूनच येतो, त्यामुळे डबा बंद असेल तर तो पोचत नाही. उन्हाळ्यात गावाला जाऊन आल्यावर वाहिन्या अडकतात त्या याच कारणाने.

'सिग्नल नाही' असं येत असेल तर गच्चीवर जावं लागेल. एलएनबीला डब्याकडून त्याच केबलमधून वीज जाते, उभ्या ध्रुवीकरणासाठी (म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा उभी असेल तर) १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट. केबल गंजली किंवा जोड ढिला पडला की वरपर्यंत १८ ऐवजी १४ च पोचतात. एलएनबी त्याला १३ समजतो, आणि आडव्या ध्रुवीकरणावरच्या वाहिन्या एकदम गायब होतात. बाकीच्या छान दिसत राहतात, म्हणून सगळ्यांचा संशय डब्यावर जातो. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर गायब असलेली वाहिनी लावून केबलच्या एलएनबीकडच्या टोकाला व्होल्ट मोजा. मल्टिमीटर नसेल तर डबा आणि छोटा टीव्ही गच्चीवर न्या आणि दोन मीटर नव्या आरजी-६ (डिशसाठीच्या नेहमीच्या) केबलने थेट छत्रीला जोडा. सगळ्या वाहिन्या आल्या तर डबा आणि एलएनबी दोन्ही ठीक, केबलच खराब आहे.

बहुतेक वेळा एफ-कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड, खराब झालेला असतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात केबलचं काळं आवरण तडकतं, रबरी टोपी फाटते, आणि पहिल्या पावसाचं पाणी आवरणाखालच्या धातूच्या जाळीतून आत उतरतं. टोक कापा. आतली जाळी हिरवी किंवा काळी पडलेली दिसली तर स्वच्छ तांबूस-चंदेरी जाळी लागेपर्यंत मागे कापत जा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. जाळीचा एकही धागा तिला लागता कामा नये, लागला तर शॉर्ट होतो. एलएनबीखाली केबलला एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच खाली ठिबकेल. मधे जोड असलेली केबल पूर्ण बदला. टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळाही धड काढत नाही.

प्रश्न : विदर्भाचा रणजी सामना जामठ्यात असूनही टीव्हीवर नव्हता. कोणता पॅक घ्यावा? — प्रतापनगर

उत्तर : कोणताच नाही. देशांतर्गत क्रिकेटच्या प्रत्येक फेरीतले मोजकेच सामने कॅमेऱ्यांनी टिपले जातात. ज्याचं चित्रीकरणच होत नाही तो कुठल्याही पॅकमध्ये येऊ शकत नाही. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाने जामठ्याच्याच मैदानावर आपला तिसरा रणजी करंडक उचलला. अशा बाद फेरीच्या सामन्यांची शक्यता अधिक. साखळी सामन्याच्या आशेवर रिचार्ज वाढवू नका. जामठ्याला जाऊन बघणं उत्तम.

प्रश्न : वर्षाचा रिचार्ज केल्यावर क्रीडावाहिनी काढून टाकली. पैसे परत मिळतील का? — नंदनवन

उत्तर : आधी वाहिनी फक्त तुमच्या पॅकमधून काढली की कंपनीच्या यादीतूनच गेली, ते तपासा. कंपनीच्या संकेतस्थळावर तिचं नाव आणि सुटा दर दिसत असेल तर ती एकटी घेता येते. १९ रुपये दर असेल तर १८ टक्के जीएसटीसह २२.४२ रुपये महिना. कंपन्या या सुट्या दराबद्दल स्वतःहून बोलत नाहीत आणि मोठा पॅक पुढे करतात, हे ग्राहकांच्या हिताचं नाही. सामन्यांपुरती एक वाहिनी घ्या, मालिका संपली की काढून टाका.

यादीतच नसेल तर वाहिनीचा मालक आणि डीटीएच कंपनी यांच्यातला करार फिसकटलेला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून मोठ्या प्रक्षेपकांनी अनेक केबलचालकांचे सिग्नल असेच तोडले होते. अशा वेळी वाहिनी बंद झाल्याच्या तारखेपासूनचे तिचे पैसे लेखी मागा आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच क्रमांकासह कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. शेवटी नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कंपनी मुंबई-दिल्लीची असली तरी राहत्या जिल्ह्यात दावा चालतो. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, तिकडे वेळ घालवू नका. पावती, पॅकच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि वाहिनी गेल्याची तारीख, एवढं जपून ठेवा.

कंपनी बदलायची असेल तर आधीच सांगतो, जुना डबा नव्या कंपनीत चालणार नाही. प्रत्येक कंपनीच्या सिग्नलचं कुलूप वेगळं असतं.

प्रश्न : आयपीएलचं मराठी समालोचन डिशवर मिळेल का? — उमरेड

उत्तर : रिमोटवरचं भाषा किंवा ऑडिओचं बटण दाबून बघा. वाहिनीवर मराठीचा ध्वनिमार्ग सोडलेला असेल तरच तो तिथे दिसेल, डब्यातून तो तयार करता येत नाही. २०२३ पासून मोबाइल ॲपवर मराठी समालोचन मिळतं. पण मध्यम दर्जाच्या चित्राला तासाला साधारण एक ते दीड जीबी लागतो, म्हणजे चार तासांच्या सामन्याला चार ते सहा जीबी. दिवसाला दोन जीबीच्या प्लॅनवर पहिला डावही पुरता होत नाही. जिथे ब्रॉडबँड पोचलेलं नाही तिथल्या मराठी प्रेक्षकाची ही खरी अडचण आहे, आणि ती सोडवणं वाहिन्यांच्या हातात आहे. तोवर ॲपमध्ये चित्राचा दर्जा सर्वांत खाली ठेवा. डेटा बराच वाचतो, आवाज तसाच राहतो.