स्टीलच्या फिल्टरमधून कॉफीचे डिकॉक्शन (गाळून उतरणारा दाट अर्क) कधी गळतच नाही, तर कधी पाणचट होते. चुकते कुठे? चिकोरीची पूड घ्यावी का? आणि वडिलांना संध्याकाळी कॅफीन चालत नाही, त्यांना कॉफीऐवजी काय देता येईल?

डिकॉक्शन न गळणे आणि पाणचट होणे या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात, पण दुखणे एकच आहे. फिल्टर कॉफीत सगळे काही पाणी पुडीतून किती वेळात खाली उतरते यावर ठरते. पाणी पाच मिनिटांत उतरले तर पुडीतला कस पुडीतच राहतो. पाऊण तास झाला तरी वरच्या भांड्यात पाणी दिसत असेल तर वाट अडलेली आहे, आणि तोवर सगळे निवूनही जाते. पंधरा ते पंचवीस मिनिटांत उतरले की समजा जमले. हा वेळ तीन गोष्टींवर ठरतो: दळण, दाब आणि चिकोरी.

सुरुवात दळणापासून. फिल्टरची पूड बारीक रव्यासारखी लागते, मैद्यासारखी नको. घरच्या मिक्सरमध्ये बिया दळल्या तर पाते काही बियांचे पीठ करते आणि काहींचे नुसते तुकडे. पीठ फिल्टरच्या वरच्या भांड्याच्या तळाशी असलेल्या भोकांत जाऊन बसते आणि तुकड्यांतून काही उतरत नाही, म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच वेळी. त्यामुळे घरी चक्कीचा ग्राइंडर नसेल तर दुकानातूनच ‘फिल्टरसाठी’ असे सांगून दळून घ्या. मुंबईत असाल तर माटुंग्याला समोर भाजून, हव्या त्या प्रमाणात मिसळून दळून देणारी दुकाने आहेत. एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दळलेल्या पुडीचा वास दोन-तीन आठवड्यांत बराच उतरतो. फ्रिजमधून रोज डबा काढ-घाल केली तर पुडीला ओल धरते, म्हणून तो बाहेरच कोरड्या जागी बरा.

आता चिकोरी. हे एक मूळ आहे. ते वाळवून, भाजून, दळतात. आपल्याकडे त्याची लागवड मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. चिकोरीचा बराचसा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे डिकॉक्शन गडद आणि दाट होते, त्याला किंचित गोडसर कडवटपणा येतो. भरपूर दुधात कॉफीची चव टिकते तीही यामुळेच. पण हीच चिकोरी ओली झाली की चिकट होते आणि गळणे मंदावते. म्हणून ज्या पुडीत चिकोरी जास्त, ती कमी दाबायची. बिनचिकोरीची पूड जरा घट्ट दाबली तरी चालते, पण तीस टक्के चिकोरीची पूड नुसती सपाट करून सोडायची. ‘पूड चांगली दाबा’ हा सल्ला सरसकट सगळ्या पुड्यांना लावला जातो आणि तिथेच बहुतेकांचा फिल्टर तुंबतो.

पाकीट घेताना त्यावरचे प्रमाण वाचा, ते छापणे बंधनकारक आहे. आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असलेले पाकीटही कायदेशीरच असते. माझी पसंती ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरीला. कॉफीत अरेबिका जातीच्या बियांची ‘प्लँटेशन ए’ प्रत घ्या. दूध जास्त घालत असाल तर त्यातला पाव हिस्सा रोबस्टा या दुसऱ्या, जास्त कडक जातीचा करा, म्हणजे चव दुधात बुडत नाही. पीबेरीचे मात्र जरा जास्तच कौतुक होते, असे माझे मत आहे. फळात एरवी दोन बिया असतात, त्याऐवजी एकच गोल बी भरली की ती पीबेरी. दिसायला देखणी असते, पण चिकोरी आणि दूध घातल्यावर तिच्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे चवीत सापडत नाहीत.

आता कृती. साधारण दीडशे मिलीचे तीन कप होतील असे माप देते: ३० ग्रॅम पूड आणि १८० मिली पाणी. वजनकाटा नसेल तर १५ मिलीचा मापाचा चमचा सपाट भरला की साधारण पाच ग्रॅम होतात, म्हणजे सहा चमचे. पूड आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती डिकॉक्शन सुमारे १२० मिली येते. कमी आले म्हणून वरून आणखी पाणी ओतत बसू नका. ते दुसरे डिकॉक्शन फिके असते आणि पहिल्यात मिसळले की पहिलेही फिके होते.

आधी रिकाम्या फिल्टरमध्ये उकळते पाणी फिरवून तो गरम करा आणि पूर्ण कोरडा पुसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण थंड स्टील पाण्यातली बरीच उष्णता खाऊन टाकते आणि मग डिकॉक्शन आंबट, पातळ लागते. वरच्या भांड्यात पूड घाला, भांड्याला बाजूने दोन टिचक्या मारून ती सपाट करा आणि दांड्याची जाळीदार चकती वर ठेवा. पुडीत चिकोरी कमी असेल तर चकती बोटांनी हलकी दाबा. चकती तशीच राहू द्या. तिच्यावर पाणी पडले की सगळीकडे पसरते. चकती काढून थेट धार सोडली तर पुडीत खड्डा पडतो आणि पाणी त्याच वाटेने भसकन खाली जाते. तुमचे ‘कधी पाणचट’ बहुधा इथेच होत असणार.

पाण्याला खळखळून उकळी आली की उतरवून लगेच आधी तीस-चाळीस मिली ओता आणि अर्धा मिनिट थांबा. पूड भिजून फुगते, ताजी असेल तर बुडबुडेही येतात. मग उरलेले पाणी हळूहळू गोल फिरवत घाला, झाकण लावा आणि फिल्टरला हात लावू नका.

दहा मिनिटांनी खाली थेंबही नसेल तर चमच्याने पूड ढवळण्याआधी वरचे भांडे फडक्याने धरून किंचित उचला आणि परत बसवा. खालच्या भांड्यातली हवा तापून फुगते आणि दोन भांडी घट्ट बसली असतील तर तिला बाहेर पडायला जागा नसते. ती खालून रेटत राहते आणि गळणे थांबते. उचलले की हवा सुटते आणि धार सुरू होते. तरीही अडले असेल तर भोके बुजली आहेत. भांडे उजेडाकडे धरून बघा. नुसत्या घासणीने कॉफीचे तेल निघत नाही. स्टीलच्या भांड्याचा जाळीचा तळ गॅसच्या मंद आचेवर चिमट्याने अर्धा-एक मिनिट धरा, अडकलेला गाळ जळतो, मग गार झाल्यावर ब्रशने झटका. तळ थोडा काळपट पडेल, त्याने काही बिघडत नाही. भांड्यात प्लास्टिकची मूठ किंवा रबर असेल तर हे करू नका, सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून टाचणीने भोके मोकळी करा.

एका कपाला ४० मिली डिकॉक्शन आणि ११० मिली दूध. दूध पाणी न घातलेले, नुकतेच उकळलेले असावे. चार वेळा तापवलेल्या दुधाचा शिजका वास कॉफीवर मात करतो. तापवायचे ते दूध, डिकॉक्शन कधीच गॅसवर ठेवायचे नाही, ते लगेच कडू होते. उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या सकाळपर्यंत चालते. मग वाटी-पेल्यात तीन-चार वेळा वरून खाली ओता. फेस येतो, साखर विरघळते आणि कॉफी पिण्याजोगी होते. साखरेऐवजी गूळ हवा असेल तर गॅस बंद केल्यावर घाला, उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती असते.

फिल्टर काढायचा कंटाळा आला तर आपली जायफळाची कॉफी करा, पण पूड दुधात घालून उकळू नका. दोन कपांसाठी १५० मिली पाणी उकळून गॅस बंद करा, १५ ग्रॅम पूड घाला, झाकण ठेवून पाच मिनिटे मुरू द्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. साखर घालून उकळलेले दूध त्यात मिसळा. जायफळ सहाणेवर दुधात चार-पाच वेढे उगाळून शेवटी घाला, किंवा किसणीवर चिमूटभर किसा. त्याहून जास्त नको, जास्त जायफळाने गुंगी येते.

मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारे भांडे) असलेल्यांसाठी एकच सूचना: त्यात चिकोरीची पूड घालू नका आणि पूड दाबू नका. चिकट थर वाट बंद करतो आणि आतल्या वाफेचा दाब वाढतो. त्यात निव्वळ कॉफीच घाला.

वडिलांबद्दल. चिकोरी घातलेली कॉफी म्हणजे कॅफीन नसलेली कॉफी नव्हे. ८०:२० मिश्रणात कॅफीन जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि त्यात रोबस्टा असेल तर ते वाढतेच, कारण रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते. त्यांना निव्वळ चिकोरी द्या, तिच्यात कॅफीन नसते. १५० मिली पाण्यात एक छोटा चमचा पूड तीन-चार मिनिटे उकळून गाळा आणि गरम दूध घाला. रंग आणि वास कॉफीच्या बराच जवळ जातो. पहिले काही दिवस अर्धाच चमचा घ्या, काहींना तिने पोटात गॅस होतो. डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीची पूडही याच फिल्टरमध्ये चालते, पण तिच्यात थोडे कॅफीन उरतेच. डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितले असेल तर तीही नको.

तमिळनाडूत सुंठ-धण्याची ‘सुक्कू मल्ली कापी’ करतात, तीही संध्याकाळी छान लागते. चार चमचे धणे मंद आचेवर खमंग, गडद होईपर्यंत भाजा, दोन चमचे सुंठपूड, अर्धा चमचा मिरी आणि दोन वेलदोडे घालून भरड दळा. पेलाभर पाण्यात याचा एक चमचा पाच मिनिटे उकळा, गाळा आणि गूळ घाला. ही बिनदुधाचीच चांगली लागते.

टाकळ्याच्या बिया भाजून कॉफीसारख्या वापरतात, हे तुमच्या वाचनात येईल. रानातून स्वतः बिया गोळा करून हा प्रयोग करू नका. टाकळ्याच्याच जातकुळीतला कासविंदा त्याच्यासारखाच पडीक जागी उगवतो आणि त्याच्या बिया विषारी असतात. उत्तर प्रदेशात त्या खाल्ल्याने लहान मुले दगावली आहेत. शेंगा सुकल्यावर नवख्याला दोन्हींतला फरक कळत नाही.