निकॉन डी७२०० कॅमेऱ्यावरून झेड६ टू कॅमेरा घेतोय, जुन्या १८-१४० आणि ५० एमएम १.८ डी लेन्स चालतील का?

दोन्ही बसतील, पण एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स झेड बॉडीला जोडणारा तुकडा) लागेल आणि त्यावर ऑटोफोकस फक्त १८-१४० ला मिळेल, ५० डी मॅन्युअलच फिरवावी लागेल. कारण सोपंय, डी लेन्समध्ये स्वतःची मोटरच नसते, ती डी७२०० च्या बॉडीतल्या मोटरवर चालते आणि ती मोटर ना झेड बॉडीत आहे ना एफटीझेडमध्ये. लेन्स काढून मागची धातूची रिंग बघा, स्क्रूच्या डोक्यासारखी खाच असलेली बारीक गोल दांडी दिसेल, ती बॉडीतून फिरते. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेल्या लेन्सला मात्र मोटर आतच असते.

अडॅप्टरमध्ये काच वगैरे काही नसते, एफ माउंटचं (म्हणजे जुन्या लेन्स बसतात त्या जोडणीचं) सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ एमएम आणि झेडचं १६, तेवढी गॅप भरायची बस, त्यामुळे फोटोची क्वालिटी उतरेल ही भीती काढून टाका.

१८-१४० मध्ये खरी अडचण वेगळीय, ती डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची आहे, त्यामुळे मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी आपोआप क्रॉप करणार, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरणार, आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरणार, मग एवढे पैसे घालून फुल फ्रेम घेतलाच कशाला! म्हणून माझ्या मते बॉडीसोबत २४-७० एफ ४ झेड किटच घ्या, सेकंडहँड बघितलीत तरी चालेल. आणि ५० डी ठेवून द्या, विकून फारसं काही येत नाही, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगात दाखवणारी सोय) लावून पोर्ट्रेटला मजा येते.

फक्त सिग्मा-टॅमरॉन अशा दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या लेन्स असतील तर त्या आधी दुकानात लावून बघा, काहींना फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतो.