किलर बी नव्हेत, आग्याच. पण ती मशाल आधी खाली ठेवा

तुमचा प्रश्न असा: फोंड्यात चौथ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखालच्या स्लॅबला सुपाएवढं मोहोळ लागलंय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओत म्हणतात तशा ब्राझीलच्या 'किलर बी' गोव्यात पसरल्यात का? आणि सोसायटीने शनिवारी रात्री मशालीने जाळायचं ठरवलंय, ते योग्य का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. एवढ्यावर सोडून दिलं असतं, पण 'मशाल' वाचलं आणि राहवलं नाही.

ब्राझीलचं आधी उरकतो. १९५६ मध्ये वॉरविक केर नावाच्या शास्त्रज्ञाने उष्ण हवेत जास्त मध देणारी जात तयार करायला आफ्रिकेतून राणीमाशा आणल्या. १९५७ मध्ये रिओ क्लारोजवळ पेट्यांच्या तोंडाला लावलेल्या जाळ्या कुणीतरी काढल्या आणि २६ राण्या झुंडीसकट निसटल्या. तिथल्या युरोपीय वंशाच्या माशांशी त्यांचा संकर होत गेला आणि १९९० मध्ये त्या टेक्सासला पोचल्या. भारतात ही संकरित जात पसरलेली नाही. आपल्या सातेरी या देशी मधमाशीशी तिचा संकर होऊच शकत नाही, प्रजातच वेगळी. पेटीत पाळतात ती 'इटालियन' माशी युरोपीय वंशाची, बऱ्यापैकी शांत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो व्हिडिओ पुसून टाका.

पण म्हणून हुश्श करू नका. टाकीखाली उघड्यावर लोंबणारं एकच मोठं पोळं म्हणजे आग्या. पाळीव माशीच्या जवळजवळ दीडपट लांब, आणि एका मोहोळात हजारोंनी. तिला पेटीत कोंडता येत नाही, वाढवता येत नाही. पावसाळा सरला की येते, काजू, सावर, जांभूळ यांच्या फुलोऱ्यावर राहते आणि साधारण पावसाच्या तोंडावर निघून जाते. पुढच्या हंगामात बहुतेक त्याच जागी परत. 'हल्ली फार वाढल्यात' असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: वाड्यावरचा तो जुना वड, ती उंच सावर कुठे गेली? झाड तोडलं, तिथे पाच मजली इमारत उभी राहिली, माशीने तिला झाड मानलं.

मोबाईलचा झूम लावून लांबून बघा. पोळं दिसणारच नाही, दिसेल तो माशांचा पडदा, एकीवर एक. मधूनच त्या पडद्यावरून लाट सरकते, वाऱ्याने भात हलावं तशी. शेकडो माशा एकामागून एक पोट वर करतात म्हणून ती दिसते. गांधीलमाशी जवळ आली की हे होतं. लाट थांबत नसेल, कडेच्या माशा सुटून उडायला लागल्या असतील, तर त्या बाजूला कुणी जायचं नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायलाही नाही.

आता मशाल. आमच्या भागातल्या एका तीन मजली इमारतीत हा प्रयोग झाला. लांब बांबूला गोणपाट गुंडाळलं, रॉकेल ओतलं, आठ-साडेआठला पेटवलं. रात्री माशी उडत नाही, हा त्यांचा हिशेब. आग्याच्या बाबतीत तो अर्धाच खरा. चांदण्यात ती उडते, आणि पेटलेला बोळा किंवा ट्यूबलाइट दिसली की सरळ उजेडाकडे येते. पहिल्या झोताने बाहेरच्या थरातल्या माशांचे पंख जळाले आणि त्या खाली पडल्या. पंख जळलेली माशी मेलेली नसते. सरपटते आणि तिचा काटा शाबूत असतो. आतल्या थरांना आग लागलीच नाही, नुसती धग लागली. त्या सुटल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या उघड्या गॅलरीतल्या ट्यूबकडे. वॉचमन टॉर्च लावून उभा होता, त्याच्या हाताभोवती जमल्या. कुणीतरी ओरडलं 'लाइट लावा', म्हणजे नेमकं उलटं. अर्ध्या तासात अकरा जणांना डंख, एकीचा डोळा सुजून बंद. आणि फायदा? सकाळी उरलेल्या माशा काळ्या पडलेल्या मेणाच्या जागीच गोळा झालेल्या. दोन-तीन आठवड्यांत नवं पोळं.

असं का होतं ते समजून घ्या. एक माशी चावली की काट्याबरोबर विषाची पिशवी कातडीत राहते आणि तिथून धोक्याचा वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास म्हणजे बाकीच्यांना आमंत्रण. माशी चिरडली तरी तोच वास. म्हणून हाताने झटकणारा माणूस सगळ्यात जास्त चावून घेतो.

हल्ला झालाच तर तोंड-डोळे कपड्याने झाकून सरळ रेषेत पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. शंभर पावलांवर थांबू नका, आग्या त्याहून लांब पाठलाग करते. झुडपात लपणं, विहिरीत किंवा तळ्यात उडी मारणं हा वेडेपणा. माशा वर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं वर आलं की चावतात. आत गेल्यावर दिवे बंद. काटे नखाने, कार्डाने, कशानेही काढा, पण लगेच. पिशवी सुटी झाल्यावरही विष सोडत राहते, त्यामुळे पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. चुना, लोखंड घासणं यांनी काही होत नाही, बर्फाने सूज कमी होते.

किती डंख जिवावर बेततात? ढोबळ हिशेब किलोमागे वीसेक, म्हणजे ६० किलोच्या माणसाला हजार-बाराशे. पण काहीशे डंखांतही स्नायू आणि किडन्या बिघडू शकतात, तेही एक-दोन दिवसांनी. लघवी चहासारखी काळपट झाली तर १०८ ला फोन करून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या. आणि अ‍ॅलर्जी असेल तर एकच डंख पुरे. घसा आवळणं, दम लागणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर किंवा उलटी दिसली तर सेट्रिझिन देऊन वाट बघत बसू नका. त्यावर औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. ते वेळेत मिळालं पाहिजे.

मग मोहोळाचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: चौथ्या मजल्यावर, कुणाच्या हाताला न लागणारं मोहोळ असेल तर काहीही करू नका. गच्चीचं दार बंद ठेवा, त्या बाजूचे दिवे रात्री मालवा, खाली कचरा जाळू नका, शिगम्याला तिथे फटाके लावू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. मधुबाज हा शिकारी पक्षी येऊन पोळं ओरबाडतो तेव्हा मात्र कुणाचाच इलाज नाही, खालून जाणाऱ्यांना लांब ठेवायचं एवढंच. पावसाच्या आधी बहुतेक त्या स्वतःच जातील.

काढायचंच असेल तर झुंड नुकती येऊन बसलेली असताना, पहिल्या दोन-तीन दिवसांत. तेव्हा राखायला अळ्या नसतात, थोड्या थंड धुरानेही उठून जाते. नंतर ते जाणत्या माणसाचं काम. तो अंधार पडल्यावर लाल टॉर्च घेऊन येतो, कारण माशीला लाल रंग दिसत नाही. धुराड्यात नारळाची सुकी सोडणं, वर मूठभर हिरवा पाला, म्हणजे धूर थंड राहतो. धूर वाऱ्याच्या बाजूने, हळूहळू. ज्वाला दिसता कामा नये. माशा बाजूला सरकल्या की पोळं कापतो. मग जागेवरचं मेण पत्र्याने खरवडून, धुवून, चुन्याचे दोन हात मारायचे. हे राहिलं तर मेणाच्या वासाने पुन्हा तिथेच. ऑक्टोबर उजाडायच्या आत स्लॅबखाली बारीक जाळी ताणून लावा, पुढच्या वर्षीचा प्रश्न सुटतो.

एक राहिलंच. खाली बालवाडी असेल, बिल्डिंगमध्ये कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी असेल किंवा मोहोळ जिन्याच्या तोंडाशी असेल, तर वर म्हटलेलं 'काहीही करू नका' लागू नाही. मग पावसाची वाट बघू नका, जाणता माणूस बोलवा.

आणि आमच्या मेहुण्यांसाठी, कारण ते हे वाचणारच: अंगाला खोबरेल चोपडून गेलं की माशी चावत नाही, हे तुम्ही मला प्रत्येक चतुर्थीला सांगता. त्या रात्री वॉचमनने तेल चोपडलं होतं. त्याच्या हातातून सतरा काटे काढले.