प्रार्थना करूनही मन का उठत नाही?

‘माझा विश्वास कमी पडला म्हणूनच हे झालं ना?’ श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस नैराश्य घेऊन समुपदेशनाला आला की हा प्रश्न फार काळ लांबत नाही. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: गोळ्या घेतल्या तर प्रभूवर भरवसा नाही असं होईल का? पुढच्या हकिगतीतले तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना शास्त्रपाठ शिकवायच्या, रविवारच्या उपासनेत गायच्या. तीन महिन्यांपासून झोप पहाटे साडेतीनला मोडायची. ही देवाची हाक आहे असं समजून त्या अंधारात गुडघे टेकायच्या आणि दीड तास पापकबुली करायच्या. आठवड्यातून दोन उपास. वजन पाच किलोंनी उतरलेलं. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली होती, पण मळमळू लागलं. त्यात प्रार्थनागटात कुणी म्हणालं, ‘गोळीपेक्षा गुडघे बरे.’ नवव्या दिवशी गोळी बंद झाली.

नैराश्य किती आहे ते मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत २७ पैकी १८ गुण आले; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्यावर त्यांनी ‘काही दिवस’ अशी खूण केली होती. तिथे आडून विचारत बसायचं नसतं. जीव द्यायचा विचार येतो का, कसा ते ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, हे सरळ विचारलं. बेत नव्हता, ‘प्रभूने उचलून न्यावं’ एवढंच मनात होतं. तरी त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली आणि घरातल्या एकाला बाईंच्या संमतीने विश्वासात घेतलं.

खरी गोष्ट कळली ती त्यांच्या वहीतून. पापकबुलीची वही. वारलेल्या आईशी एकदा चढ्या आवाजात बोलल्याची नोंद त्यात अकरा वेळा होती, शेवटची तर पेन दाबून, कागद फाटेपर्यंत. साध्या अपराधभावाला एक विषय असतो. क्षमा मागितली, शक्य ती भरपाई केली की तो सैल होतो. नैराश्यातला अपराधभाव कबुलीने भागत नाही. तो तेच पुन्हा उकरतो किंवा नवं खुसपट शोधतो. डोळे मिटून दीड तास एकटं बसलं की प्रार्थनेच्या नावाखाली तेच उगाळणं चालतं. शिवाय पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळीच मन सर्वांत जड असणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण. म्हणजे बाई दिवसाच्या सर्वांत वाईट वेळी स्वतःचा न्याय करत होत्या.

प्रार्थना सोडायला सांगितलं नाही, तिची वेळ आणि माप बदललं. पहाटे जाग आली तर पडून राहायचं, वही नाही. प्रार्थना संध्याकाळी, दहा मिनिटं, मोठ्याने, डोळे उघडे ठेवून. पापकबुली आठवड्यातून एकदाच, पाळकांसमोर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंसमोर. त्यांनी क्षमेचं वचन वाचलं की तो विषय मिटला. उपास वजन सावरेपर्यंत बंद. हे समुपदेशकाने सांगितलं तर ‘तुम्हाला काय कळतं’ असं होतं, म्हणून बाईंच्या परवानगीने पाळकांनाच पुढे केलं. त्यांनी बायबलमधल्या पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. भाकर, पाणी, झोप, पुन्हा भाकर. होरेब डोंगराची वाट आणि देवाशी बोलणं त्यानंतर.

वाचायला विलापाची स्तोत्रं दिली. तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं आणि ‘कोठवर?’ चार वेळा. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ‘सर्वदा आनंद करा’ हे वचन या काळात भिंतीवर लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वचन खोटं नाही, पण आजारी माणूस ते आरोपासारखं वाचतो.

गोळी डॉक्टरांनी कमी मात्रेत, जेवणानंतर पुन्हा सुरू केली. मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते, फरक मात्र दोन ते सहा आठवड्यांनी जाणवतो. नवव्या दिवशी सोडणाऱ्याच्या वाट्याला त्रास तेवढा येतो.

पाचव्या आठवड्यात घसरण झाली. उपासनेत कुणी एका रात्रीत बरं झाल्याची साक्ष दिली आणि बाईंची वही पुन्हा उघडली. त्या दिवशी चार ओळी लिहून त्यांनी पाळकांना फोन केला, पाचवी लिहिली नाही. दहाव्या आठवड्यात गुण ८ वर आले. गोळी चालूच आहे. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती घ्यायची असते, आणि थांबवताना मात्रा डॉक्टरच उतरवतात. गायला त्या परतल्या आहेत, मागच्या रांगेत. साक्ष द्यायचा आग्रह होतो, त्याला सध्या नाही म्हणतात.